फ्लोरिडाच्या आखाती किनाऱ्यावरचा पहिला हिवाळा: नव्या स्नोबर्डांसाठी मार्गदर्शन

कॅनडातून आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांतून दर वर्षी थंडी सुरू झाली की असंख्य निवृत्त माणसे दक्षिणेची वाट धरतात आणि बर्फ वितळला की घरी परततात. या मंडळींना तिकडे स्नोबर्ड म्हणतात. टोरंटो, डेट्रॉइट, शिकागो, न्यू जर्सी अशा ठिकाणी आयुष्यभर नोकरी केलेली मराठी जोडपीही आता या वाटेने जाऊ लागली आहेत, आणि हा लेख त्यांच्यासाठी आहे. तीन-चार महिन्यांच्या या मुक्कामाकडे लांबलेली सहल म्हणून पाहिले, तर पैसा आणि उत्साह दोन्ही पहिल्या काही आठवड्यांतच आटतात. दुसरे बिऱ्हाड मांडायला निघालो आहोत असे समजून तयारी केली, तर तोच काळ वर्षातला सर्वांत समाधानाचा ठरू शकतो. खाण्याच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. मेक्सिकोच्या आखाताला लागून असलेल्या या किनाऱ्यावर कोळ्यांची गावे, ग्रीक वस्ती, क्युबन बेकऱ्या आणि आमिश या जुन्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींची जेवणघरे एकमेकांपासून तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत, आणि त्यांची खरी ओळख मुक्कामी राहणाऱ्यालाच होते.

पहिली पायरी: किनारा निवडणे

फ्लोरिडा म्हटले की सगळीकडे सारखेच ऊन असेल, असा समज घेऊन जागा ठरवू नये. राज्याच्या वायव्य कोपऱ्यात पेन्साकोला आणि डेस्टिन या भागात जानेवारीत दुपारचे तापमान सरासरी १६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. टँपाला ते २१-२२ अंशांपर्यंत जाते आणि नेपल्सला २४ अंशांच्या जवळ पोहोचते. म्हणूनच वायव्येकडचा किनारा हिवाळ्यात रिकामा असतो आणि तेथे महिन्याच्या भाड्याने स्वस्तात घर मिळते. उलट सॅरासोटा, फोर्ट मायर्स आणि नेपल्स येथे हिवाळा हाच ऐन हंगाम असल्यामुळे भाडे वर्षातले सर्वाधिक असते. स्वेटर घालून समुद्रकाठी फिरण्यात ज्यांना आनंद आहे, त्यांनी पेन्साकोलाचा विचार जरूर करावा. सांधेदुखीमुळे ऊबच हवी असेल, तर टँपाच्या दक्षिणेला जावे.

कोण कोठे जाते, हे बरेचसे महामार्गांनी ठरवलेले आहे. मिशिगनपासून निघणारा इंटरस्टेट ७५ थेट टँपा, सॅरासोटा, फोर्ट मायर्स आणि नेपल्सला येऊन मिळतो, त्यामुळे मिशिगन, ओहायो आणि ऑन्टारियोची माणसे आखाती किनाऱ्यावर जास्त दिसतात. इंटरस्टेट ९५ ने येणारे न्यूयॉर्क-न्यू जर्सीचे लोक अटलांटिकच्या बाजूला उतरतात, आणि क्वेबेकची फ्रेंच बोलणारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या त्याच बाजूच्या, फ्लोरिडातील हॉलिवूड आणि हॅलंडेल बीच या गावांना पसंती देत आली आहेत. ही प्रथाही जुनीच आहे. टॉमस एडिसनने १८८५ मध्ये फोर्ट मायर्सला नदीकाठी जमीन घेतली आणि १९१६ मध्ये हेन्री फोर्ड त्याचा हिवाळी शेजारी झाला. ती दोन्ही घरे आज संग्रहालय म्हणून पाहता येतात.

पहिल्याच हिवाळ्यासाठी एक पट्टा सुचवायचा झाल्यास मी टार्पन स्प्रिंग्जपासून सॅरासोटापर्यंतचा किनारा सुचवेन. नेपल्सपेक्षा तेथे हवा थोडी थंड असते हे खरे; परंतु मोठा विमानतळ, मोठी रुग्णालये, टँपातील भारतीय किराणा दुकाने व मंदिरे आणि खाण्याचे इतके वैविध्य एकत्र या किनाऱ्यावर दुसरीकडे मिळत नाही.

जागा ठरवण्यापूर्वी वादळांचा अलीकडचा इतिहास पाहणे आवश्यक आहे. २८ सप्टेंबर २०२२ रोजी आलेल्या इयान चक्रीवादळाने फोर्ट मायर्स बीच आणि सॅनिबेल बेट उद्ध्वस्त केले, आणि २०२४ मध्ये सप्टेंबरच्या अखेरीस हेलेन व ९ ऑक्टोबरला मिल्टन अशी दोन वादळे दोन आठवड्यांच्या आत या किनाऱ्यावर आली, त्यांपैकी मिल्टन तर सॅरासोटाजवळच्या सिएस्टा की बेटावरच धडकले. अनेक घरे, धक्के आणि पाण्यालगतची उपाहारगृहे त्यात गेली. काही पुन्हा उभी राहिली, काही नाहीत. त्यामुळे जुन्या प्रवासलेखांतील नावांवर विसंबून राहू नये, जाण्याआधी फोन करून चौकशी करावी. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असल्याने डिसेंबरनंतर येणाऱ्याला प्रत्यक्ष वादळाची भीती जवळजवळ नसते, मात्र त्याच्या खुणा भेटतात.

दुसरी पायरी: घर भाड्याने घेणे

पहिल्या वर्षी घर विकत घेण्याचा मोह टाळावा आणि एका महिन्याच्या भाड्याने सुरुवात करावी. त्यासाठी जानेवारी उत्तम, कारण फेब्रुवारी-मार्चइतकी गर्दी व भाडे त्या महिन्यात नसते आणि खाण्यापिण्याच्या दृष्टीनेही तो समृद्ध असतो. फेब्रुवारी-मार्चच हवा असेल, तर जवळजवळ एक वर्ष आधी आरक्षण करावे लागते. समुद्रातल्या चिंचोळ्या बेटांवर राहण्यापेक्षा पुलाच्या अलीकडे, मुख्य भूमीवर घर घेतले तर भाडे कमी पडते, किराणा व डॉक्टर जवळ असतात आणि रोज पुलावरच्या वाहनकोंडीत अडकावे लागत नाही.

भाडे विचारताना करांसह एकूण रक्कम विचारावी. सहा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या भाड्यावर फ्लोरिडात ६ टक्के राज्य विक्रीकर लागतो आणि त्यावर काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) अधिभार व पर्यटन कर वेगळा असतो. सहा महिन्यांहून अधिक मुदतीचा लेखी करार असेल, तर ते लागत नाहीत. अनेक वसाहतींत किमान मुक्कामाची अट असते, काही वसाहती ५५ वर्षांवरील रहिवाशांसाठीच असतात, आणि काही ठिकाणी भाडेकरूला संस्थेची परवानगी आधी घ्यावी लागते. त्यामुळे ही परवानगी हाती येण्यापूर्वी विमानाचे तिकीट काढू नये. घर न पाहता पैसे पाठवायची वेळ आली, तर त्या काउंटीच्या प्रॉपर्टी अप्रेझर, म्हणजे मालमत्तांची नोंद व मूल्यांकन करणाऱ्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर मालकाचे नाव तपासावे. ही नोंद सर्वांसाठी खुली असते आणि फसवणूक ओळखण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

तिसरी पायरी: दिवसांचा हिशेब

कॅनडाच्या नागरिकाला पर्यटक म्हणून साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहता येते. पण ज्यांच्याकडे कॅनडाचे कायमस्वरूपी वास्तव्य असले तरी पासपोर्ट भारताचा आहे, त्यांना अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि व्हिसावरील तारखेपेक्षा आय-९४ या प्रवेशनोंदीवरील तारीख निर्णायक असते. आई-वडिलांना सोबत नेणाऱ्यांनी त्यांचीही ही नोंद स्वतः उघडून पाहावी. ११ एप्रिल २०२५ पासून ३० दिवस किंवा अधिक राहणाऱ्या परदेशी व्यक्तींच्या नोंदणीचा नियम अमलात आला आहे. ज्यांना आय-९४ मिळाले आहे त्यांची नोंदणी झाली असे मानले जाते, मात्र मोटारीने सीमा ओलांडणाऱ्या कॅनडियन नागरिकांना ते आपोआप मिळतेच असे नाही, म्हणून त्यांनी हे आधीच मार्गी लावावे.

करांचा हिशेब याहून वेगळा आहे. अमेरिकेचे कर खाते चालू वर्षातील सर्व दिवस, त्याआधीच्या वर्षातील दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षातील दिवसांचा एक षष्ठांश अशी बेरीज करते. चालू वर्षात किमान ३१ दिवस असून ही बेरीज १८३ किंवा अधिक झाली, तर ती व्यक्ती करासाठी अमेरिकेची रहिवासी धरली जाऊ शकते. दर वर्षी १२० दिवस राहिल्यास बेरीज १२० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १८० होते आणि आपण रेषेच्या अलीकडे राहतो. त्याहून दोन-तीन दिवस जास्त झाले की रेषा ओलांडली जाते. अशा वेळी, चालू वर्षातील दिवस १८३ पेक्षा कमी असल्यास, आपले खरे संबंध कॅनडाशीच आहेत असे सांगणारा फॉर्म ८८४० भरता येतो. अमेरिकेत पगार नसलेल्यांसाठी त्याची मुदत १५ जून असते, आणि पती-पत्नींना तो स्वतंत्रपणे भरावा लागतो. एका वहीत येण्या-जाण्याच्या तारखा लिहून ठेवण्याइतकी शिस्त यासाठी पुरेशी आहे.

अमेरिकेतीलच रहिवाशांना हा प्रश्न नाही. फ्लोरिडात व्यक्तीवर राज्याचा आयकर नसल्याने अनेकांना कायमचा पत्ता तेथे हलवावासा वाटतो. पण त्यासाठी खरोखरच बिऱ्हाड हलवावे लागते, आणि न्यूयॉर्कसारखी राज्ये दिवस बारकाईने मोजतात. हा निर्णय कर सल्लागाराशी बोलूनच घ्यावा.

चौथी पायरी: आरोग्यविमा

या एका बाबतीत काटकसर करू नये. ऑन्टारियोचा सरकारी विमा टिकवण्यासाठी कोणत्याही १२ महिन्यांत १५३ दिवस प्रांतात असावे लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु परदेशात रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर तोच विमा दिवसाला जास्तीत जास्त ४०० कॅनडियन डॉलर देतो, हे अनेकांना ठाऊक नसते. अमेरिकन रुग्णालयाच्या बिलापुढे ही रक्कम नगण्य आहे, म्हणून प्रवासी आरोग्यविमा घ्यावाच लागतो. तो घेताना जुन्या आजारांविषयीचे कलम शब्दन्‌शब्द वाचावे. निघण्यापूर्वी ठरावीक काळ आजार स्थिर असला पाहिजे अशी अट त्यात असते, आणि रक्तदाबाच्या गोळीचे प्रमाण बदलले तरी काही कंपन्या त्याला अस्थिरता समजतात. त्यामुळे निघण्याच्या तोंडावर डॉक्टरांनी औषध बदलले, तर विमा कंपनीला लगेच कळवून लेखी उत्तर घ्यावे.

अमेरिकेतील ज्येष्ठांनी आपला मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे. मूळ मेडिकेअर कोणत्याही राज्यात, तो स्वीकारणाऱ्या डॉक्टरकडे चालतो, पण खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर अॅडव्हान्टेजच्या अनेक योजनांत आपल्या भागाबाहेर केवळ तातडीचेच उपचार मिळतात. हृदयरोग किंवा मधुमेह असणाऱ्यांनी आपल्या तपासण्यांचा सारांश आणि औषधांची यादी छापून सोबत ठेवावी.

पाचवी पायरी: मागचे घर आणि प्रवास

घर सोडताना पाण्याची मुख्य तोटी बंद करून नळांतील पाणी काढून टाकावे, उष्णता १३ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये, आणि घर रिकामे असल्याचे विमा कंपनीला कळवावे. कोणी तरी ठरावीक दिवसांनी घरात फेरी मारली पाहिजे अशी अट बऱ्याच पॉलिसींमध्ये असते. अमेरिकेत टपाल खाते १५ दिवसांपासून एक वर्षापर्यंत तात्पुरत्या पत्त्यावर पत्रे पाठवते.

मोटारीने जायचे तर अंतर टोरंटोहून दोन हजार किलोमीटरांपेक्षा अधिक आहे, म्हणून ते तीन दिवसांत विभागावे. पूर्वेकडील राज्यांतून येणाऱ्यांसाठी अॅमट्रॅकची ऑटो ट्रेन ही मोठी सोय आहे. ती व्हर्जिनियातील लॉर्टनहून रात्रभर प्रवास करून फ्लोरिडातील सॅनफर्डला पोहोचते आणि आपली मोटारही त्याच गाडीतून येते. कॅनडातून निघताना घरगुती मसाले, लोणची, पापड जे असेल ते सीमेवर जाहीर करावे. कढीपत्त्याच्या बाबतीत मात्र विशेष काळजी हवी. लिंबूवर्गीय झाडांचा नाश करणारा ग्रीनिंग हा रोग फ्लोरिडात २००५ मध्ये सापडला, आणि तो पसरवणारा कीटक कढीपत्त्यावरही राहतो. त्यामुळे कढीपत्त्याच्या रोपांच्या व पानांच्या वाहतुकीवर निर्बंध आहेत. परतताना एखाद्या मित्राने प्रेमाने दिलेली कुंडीही फ्लोरिडाबाहेर नेऊ नये.

सहावी पायरी: स्थानिक जेवणाची घडी बसवणे

पहिल्या आठवड्यात मुद्दाम फारसे बाहेर जेवू नये. घरचे स्वयंपाकघर लावून घ्यावे, शेतकऱ्यांच्या आठवडी बाजाराचा वार शोधावा, आणि घराच्या परिसरातील दोन-तीन लहान उपाहारगृहांत दुपारी जाऊन यावे. दुपारचे जेवण रात्रीपेक्षा स्वस्त असते, रांग लहान असते आणि वाढणाऱ्याला आपल्याशी दोन शब्द बोलायला सवड असते. अनेक ठिकाणी संध्याकाळी चार ते सहाच्या दरम्यान कमी दरात जेवण मिळते, त्याला अर्ली बर्ड म्हणतात. आपल्याला इतक्या लवकर जेवायची सवय नसली तरी सूर्यास्ताआधी जेवून किनाऱ्यावर फिरायला जाण्याचा क्रम ज्येष्ठांच्या प्रकृतीला मानवतो. लहान गावांत स्वयंपाकघर रात्री आठ-नऊलाच बंद होते, हेही लक्षात असू द्यावे.

बिलाचा हिशेब असा असतो. किराणा दुकानातील बहुतेक खाद्यपदार्थांवर विक्रीकर नाही, पण उपाहारगृहातील जेवणावर ६ टक्के राज्य कर आणि काउंटीचा अधिभार लागतो. वाढणाऱ्यांचे उत्पन्न मोठ्या प्रमाणात टिपवर अवलंबून असते, म्हणून १८ ते २० टक्के टिप द्यावी. सेवाशुल्क आधीच बिलात धरलेले असेल तर तसे मेनूवर व बिलावर लिहिलेले असते, ते वाचून मगच रक्कम भरावी. एकाच ठिकाणी दर आठवड्याला जाणारा माणूस नीट टिप देतो, वाढणाऱ्याचे नाव लक्षात ठेवतो आणि गर्दीच्या वेळी टेबल अडवून बसत नाही, इतके केले की फेब्रुवारीपर्यंत त्याला तेथे घरच्यासारखे वागवले जाते.

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या अखेरीपर्यंत बेसबॉल संघांची हंगामपूर्व शिबिरे या किनाऱ्यावर भरतात. टोरंटोचा ब्लू जेज १९७७ पासून डनीडनला येतो, बोस्टन आणि मिनेसोटाचे संघ फोर्ट मायर्सला असतात. सामन्याच्या दिवशी त्या गावांतील उपाहारगृहे भरून जातात, म्हणून वेळापत्रक पाहून जेवणाचा बेत आखावा.

मासे खाणाऱ्यांसाठी

मासे कसे मागवावेत हे या किनाऱ्यावर शिकून घेण्यासारखे आहे. सर्वांत लोकप्रिय पदार्थ ग्रूपरचे सँडविच, आणि ग्रूपर म्हणजे आपल्याकडच्या हेकरूच्या जातीचा मासा. तो महाग असल्याने त्याच्या नावाखाली दुसराच मासा वाढल्याची प्रकरणे घडली आहेत. २००६ मध्ये सेंट पीटर्सबर्गमधील वृत्तपत्राने केलेल्या डीएनए तपासणीत अनेक उपाहारगृहांतील ग्रूपर हा ग्रूपर नव्हताच, असे आढळले होते. म्हणून मासा आखातातला आहे का, ताजा आहे की गोठवलेला, हे नम्रपणे विचारावे. ज्यांचा स्वतःचा मासळी बाजार आहे किंवा ज्यांच्या धक्क्याला होड्या लागतात, अशा ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर चटकन मिळते. चांगला मासा मिळाला की तो तळून न घेता भाजून किंवा तिखट मसाल्यात काळसर परतून घ्यावा, म्हणजे माशाची खरी चव कळते. स्पॅनिश मॅकरेल हा आपल्या सुरमईच्याच कुळातला मासा बाजारात तुलनेने स्वस्त मिळतो आणि घरी रवा लावून तव्यावर उत्तम होतो.

ब्रॅडेंटनजवळचे कोर्टेझ हे गाव यासाठी अवश्य पाहावे. नॉर्थ कॅरोलायनातून आलेल्या कोळी कुटुंबांनी ते १८८० च्या दशकात वसवले, आणि आजूबाजूला उंच इमारती उभ्या राहिल्या तरी तेथे मासेमारी चालूच राहिली. या गावाचा आधार म्हणजे मलेट, अर्थात आपली बोई. फ्लोरिडातील मतदारांनी १९९४ मध्ये माशांचे कल्ले अडकवणाऱ्या मोठ्या गिलजाळ्यांवर बंदी घालणारी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि १९९५ पासून ती अमलात आली. त्यानंतर या कोळ्यांना धंद्याची सगळी रीत बदलावी लागली. आजही शरद ऋतूच्या अखेरीस गाबोळी भरलेल्या मलेटचे थवे किनाऱ्याला येतात तेव्हा गावात लगबग असते. ताजी मलेट तळून मिळते आणि लाकडाच्या धुरावर भाजलेलीही मिळते. धुरातली चव पहिल्यांदा घ्यायची असेल तर सेंट पीटर्सबर्गलगतच्या साउथ पासाडिनातील टेड पीटर्स या १९५१ पासूनच्या ठिकाणी जावे. बोंबील-सुकटीच्या वासात वाढलेल्या माणसाला हा मासा परका वाटणार नाही.

हिवाळ्यात येणाऱ्याला सर्वांत मोठा लाभ स्टोन क्रॅबचा. या खेकड्याचा हंगाम १५ ऑक्टोबर ते १ मे असा आहे. याचे फक्त डेंगे काढले जातात आणि खेकडा जिवंत पाण्यात सोडला जातो, म्हणजे त्याला डेंगे पुन्हा फुटू शकतात. डेंगा किमान २ पूर्णांक ७/८ इंच लांब असेल तरच काढता येतो आणि अंडी असलेल्या मादीला हात लावता येत नाही. काढलेले डेंगे लगेच उकळतात, कारण कच्चे थंड केले तर मांस कवचाला चिकटते. ते थंडच, मोहरीच्या सॉसबरोबर खातात. पुन्हा गरम केले तर मांसाचा गोडवा जातो. मेनूवर किंमत न लिहिता बाजारभाव एवढेच लिहिलेले असते, म्हणून मागवण्याआधी दर विचारण्यात संकोच करू नये. मध्यम आकाराचे डेंगे मोठ्यांइतकेच चवदार असतात, आणि उपाहारगृहाऐवजी मासळी बाजारातून फोडून घेऊन घरी खाल्ले तर खर्च बराच कमी होतो. एव्हरग्लेड्स सिटी हे लहानसे गाव या व्यवसायाचे केंद्र आहे.

कच्च्या कालवांविषयी मात्र मी स्पष्टपणे सांगेन: यकृताचा विकार, मधुमेह किंवा कमी झालेली प्रतिकारशक्ती असलेल्या ज्येष्ठांनी ती खाऊ नयेत. उबदार खाऱ्या पाण्यातील व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू अशा व्यक्तींच्या जिवावर बेतू शकतो. भाजलेली किंवा नीट शिजवलेली कालवे हा सुरक्षित पर्याय आहे. किनाऱ्यावर लाल भरती, म्हणजे कॅरेनिया ब्रेव्हिस या सूक्ष्म शैवालाचा उद्रेक झाला, तर हवेनेही खोकला व डोळ्यांची आग होते. राज्याचे मत्स्य व वन्यजीव खाते त्याचा नकाशा प्रसिद्ध करते, दम्याच्या रुग्णांनी तो पाहूनच किनाऱ्यावर जावे. त्या काळात स्वतः गोळा केलेले शिंपले खाऊ नयेत. बाजारात विकल्या जाणाऱ्या शिंपल्यांवर सरकारी देखरेख असते.

शाकाहाऱ्यांसाठी

समुद्रकाठी शाकाहाऱ्याचे हाल होतात, हे येथे तितकेसे खरे नाही, पण काही पदार्थांत काय दडलेले असते ते माहीत हवे. क्युबन पद्धतीच्या काळ्या घेवड्यात बहुधा डुकराच्या मांसाचा तुकडा असतो, पारंपरिक क्युबन पावात डुकराची चरबी असते, आणि बटाट्याच्या काचऱ्या अनेकदा माशांच्याच तेलात तळलेल्या असतात. शाकाहारी आहोत एवढे सांगून पुरत नाही. मांस, मासे, त्यांचा रस्सा आणि चरबी चालत नाही, असे सविस्तर सांगावे. राज्याची ओळख असलेल्या की लाइम पायमध्ये अंडे असते. २००६ मध्ये या पायला राज्याचा अधिकृत पाय असा मान मिळाला, आणि अंडे चालणाऱ्यांनी तो चुकवू नये. खऱ्या पायचा रंग फिकट पिवळा असतो, हिरवा नसतो.

शाकाहाऱ्यांना सर्वाधिक समाधान टार्पन स्प्रिंग्ज देईल. १९०५ पासून ग्रीसच्या डोडेकानीज बेटांवरचे पाणबुडे समुद्रातील स्पंज काढण्यासाठी येथे येऊन स्थायिक झाले, आणि धक्क्यालगतच्या रस्त्यालाही त्याच बेटांचे नाव आहे. तेथे पालक व चीज भरलेला स्पॅनकोपिटा, टोमॅटोत शिजवलेला मोठा पांढरा घेवडा, वांग्याचे प्रकार आणि मधात भिजलेला बकलावा मिळतो. या भागातल्या ग्रीक सॅलडची खासियत अशी की त्याच्या तळाशी बटाट्याचे सॅलड दडलेले असते. ६ जानेवारीला स्प्रिंग बायू या तळ्यात पाद्री क्रूस टाकतात आणि १६ ते १८ वर्षांची ग्रीक मुले तो काढण्यासाठी उड्या घेतात. त्या दिवशी जायचे असेल तर सकाळी लवकर पोहोचावे.

सॅरासोटातील पाइनक्राफ्ट ही वस्ती मला या सगळ्या किनाऱ्यावर सर्वांत जिव्हाळ्याची वाटते, कारण तेथील रहिवासीही आपल्यासारखेच हिवाळी पाहुणे आहेत. ओहायो, इंडियाना आणि पेनसिल्व्हेनियातील आमिश व त्यांच्या जवळच्या मेनोनाइट पंथाची कुटुंबे बसने येथे येतात, तीनचाकी सायकलींवरून फिरतात आणि संध्याकाळी बाकांवर गप्पा मारत बसतात. योडर्ससारख्या त्यांच्या जेवणघरांत घरगुती भाज्या, ताजा पाव आणि पायचे असंख्य प्रकार मिळतात. भाज्यांतही कधी मांसाचा रस्सा असतो, तेवढे विचारून घ्यावे. रविवारी सर्व बंद असते आणि तेथील लोकांचे फोटो काढणे त्यांना आवडत नाही.

टँपाच्या यबोर सिटीचा उल्लेखही करायलाच हवा. सिगार कारखान्यांच्या निमित्ताने १८८० च्या दशकात क्युबन, स्पॅनिश आणि सिसिलियन कामगार येथे एकत्र आले, आणि म्हणूनच टँपाच्या क्युबन सँडविचमध्ये मायामीत नसलेली इटालियन सलामी, म्हणजे मुरवलेल्या मांसाच्या चकत्या, असते. १९०५ मध्ये सुरू झालेले कोलंबिया हे राज्यातील सर्वांत जुने उपाहारगृह येथेच आहे. शाकाहाऱ्यांनी येथे कॉफीवर समाधान मानावे.

फळांसाठी जानेवारी ते मार्च हा काळ सोन्यासारखा असतो. टँपाच्या पूर्वेला प्लँट सिटीच्या परिसरात हिवाळी स्ट्रॉबेरी पिकते आणि फेब्रुवारीच्या अखेरीस तेथे स्ट्रॉबेरीचा मोठा महोत्सव सुरू होतो. जानेवारीत हनीबेल नावाचे रसाळ संत्रे थोडेच दिवस मिळते. ग्रीनिंग रोगामुळे राज्यातील संत्र्यांचे उत्पादन विसाव्या शतकाच्या अखेरीच्या तुलनेत दशांशाहूनही खाली आले आहे, त्यामुळे रस्त्याकडेला स्वतःच्या बागेतली फळे विकणारा शेतकरी दिसला तर त्याच्याकडून घ्यावीत.

सातवी पायरी: परतण्यापूर्वी

मार्चच्या मध्यानंतर विद्यार्थ्यांच्या सुट्ट्यांमुळे रस्ते आणि किनारे गजबजतात, म्हणून परतीची तारीख आणि मार्ग आधीच ठरवावा. पुढच्या वर्षी तेच घर हवे असेल, तर निघण्यापूर्वीच घरमालकाशी बोलून अनामत रक्कम देऊन ठेवावी, कारण चांगली घरे जुन्या भाडेकरूंकडेच जातात. सोबत नेता न येणारे डबाबंद धान्य व तेल स्थानिक अन्नपेढीला देता येते. वहीतली निघण्याची तारीख लिहून फॉर्म ८८४० साठीचे दिवस मोजावेत, प्रांतातील १५३ दिवसांचा हिशेब जुळतो का ते पाहावे, आणि उत्तरेत अजून पाणी गोठण्याइतकी थंडी नाही ना, याची शेजाऱ्याकडून खात्री करून मगच घरी पोहोचल्यावर पाण्याची तोटी उघडावी.